लाल ठिपका : स्वस्त की महाग?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळी दरवर्षी मला लसीकरण, बालकांचा आहार किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय सुचवतात आणि मीही निमूटपणे लिहून देतो. यंदा मात्र थोडे स्वातंत्र्य घेत आहे. विषय आहे बंदुकीवर बसवायच्या ‘रेड डॉट साईट’चा. बालरोगतज्ज्ञाने बंदुकीवर का लिहावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीपर्यंत मिळेल अशी आशा आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तेरा वर्षांची एक मुलगी लहानपणापासून दम्यासाठी माझ्याकडे येते. तपासणी आटोपल्यावर तिच्या वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि संकोचत म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्ही रेंजवर जाता असं ऐकलं, म्हणून विचारतो. हिला नेमबाजीची गोडी लागली आहे. पिस्तुलावर लाल ठिपक्याची साईट बसवावी म्हणतो. एक साडेचार हजारांची आहे, एक सत्तर हजारांची. महागडी घ्यायची तर कर्ज काढावं लागेल. पण स्वस्त घेतली आणि पोरीचं नुकसान झालं तर?’’

गृहस्थ नोकरदार, दोन मुलांचे वडील. त्यांच्या त्या अखेरच्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. हेच वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. स्वस्त औषध दिले तर बाळाचे नुकसान होणार नाही ना? महागडी लस घेतली नाही तर आम्ही आईबाप म्हणून कमी पडलो का? वस्तू निराळी असली तरी त्यामागची भीती तीच आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. साध्या बंदुकीवर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि समोरचे लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तिन्ही निरनिराळ्या अंतरांवर असल्याने डोळा एका वेळी एकीवरच स्थिर होऊ शकतो. रेड डॉट साईटमध्ये एक अतिसूक्ष्म लाल दिवा किंचित वक्र काचेवर प्रकाश टाकतो. काचेवरील लेप तो लाल प्रकाश परावर्तित करतो आणि समोरचे दृश्य आरपार येऊ देतो. परावर्तित किरण डोळ्यात समांतर शिरत असल्यामुळे ठिपका जणू दूरवर, लक्ष्यावरच ठेवल्यासारखा दिसतो. नजर लक्ष्यावर ठेवायची, ठिपका तेथे आणायचा आणि चाप ओढायचा, एवढेच काम उरते. यामागची मूळ कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत तिचा सर्रास उपयोग झाला. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेच्या दिव्यावर चालणारी साईट बाजारात आणली आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याने ती मोठ्या संख्येने स्वीकारली.

पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला ही सोय किती मोठी आहे, हे अनुभवाने सांगतो. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात मी .२२ रायफल चालवली होती. तीस वर्षांनी पुन्हा रेंजवर गेलो तेव्हा हात बरा होता, पण माशी धूसर दिसू लागली होती. चाळिशी नाकावर आली की माशी स्पष्ट दिसते आणि लक्ष्य हरवते. चष्मा काढला की लक्ष्य दिसते आणि माशी हरवते. मित्राच्या रायफलीवरील रेड डॉटमधून पाहिले तेव्हा दोन्ही एकदम दिसले. त्या क्षणी मीही ती साईट कितीलाही घेतली असती, हे कबूल करतो.

मग स्वस्त आणि महाग यांत फरक कशाचा? अमेरिकेच्या बाजारात साधी साईट पन्नास ते शंभर डॉलरांत मिळते. नामांकित कंपनीची सहाशे ते नऊशे डॉलरांना पडते. आपल्याकडे येईपर्यंत वाहतूक आणि कर यांची भर पडते ती वेगळीच. या जादा पैशांत ठिपका काही अधिक लाल होत नाही, किंवा गोळी अधिक सरळ जात नाही. पैसे मोजायचे ते पुढील गोष्टींसाठी. आपटले तरी न वाकणारे कवच. आत ओल शिरू न देणारी बांधणी. काचेवरचा असा लेप की समोरचे दृश्य निळसर किंवा अंधारलेले दिसू नये. मोजकी वीज घेणारे परिपथ, ज्यामुळे उत्तम साईटचा सेल अखंड चालू ठेवूनही वर्षानुवर्षे टिकतो. शेकडो धक्क्यांनंतरही जिथे बसवला तिथेच राहणारा ‘झीरो’, म्हणजे नेमाची जुळणी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारखान्यातील तपासणी. स्वस्त मालातही उत्तम नग निघतात. पण आपल्या वाट्याला आलेला नग उत्तमच असेल याची शाश्वती त्या किमतीत मिळत नाही. महागड्या वस्तूच्या किमतीतला मोठा वाटा या शाश्वतीचा असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. वीस वर्षांपूर्वीचा ‘स्वस्त’ आणि आजचा ‘स्वस्त’ यांत बरेच अंतर पडले आहे. मधल्या किमतीच्या साईटही आता हालचाल होताच आपोआप उजळतात आणि त्यांचे सेल दीर्घकाळ टिकतात. उलट केवळ किंमत मोठी म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवणेही बरे नव्हे. ईओटेक या अमेरिकी कंपनीच्या होलोग्राफिक साईट, म्हणजे रेड डॉटच्याच जवळच्या नातलग, महागड्या गणल्या जात आणि सैनिकांच्या शस्त्रांवर बसवलेल्या असत. कडाक्याची थंडी वा उष्णता लागली की त्यांचा नेम सरकतो आणि हे कंपनीला ठाऊक असूनही वर्षानुवर्षे सांगितले गेले नाही, असा आरोप खुद्द अमेरिकी सरकारने केला. २०१५ मध्ये तिच्या मूळ कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. पारखून सिद्ध झालेला भरवसा आणि नुसती छापील किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा धडा त्यातून घेता येतो.

माझ्या मते ‘कोणती चांगली?’ हा प्रश्न पहिला नाहीच. ‘ऐन वेळी ही बिघडली तर काय होईल?’ हा प्रश्न पहिला. याची शिकवण मला रेंजवर मिळाली नाही. ती नवजात अर्भकाच्या टेबलापाशी मिळाली.

नव्वदीच्या दशकात, शिक्षण नुकतेच संपले असताना, एका छोट्या प्रसूतिगृहात मला रात्री बोलावणे आले. बाळ निपचित होते, श्वास घेत नव्हते. नळी घालण्यासाठी लॅरिंगोस्कोप हातात घेतला आणि घशात पाते सरकवताच त्याचा दिवा मिणमिणून विझला. सेल नवे होते. दिवा स्वस्तातला होता. आणि दुसरा लॅरिंगोस्कोप तेथे नव्हता. मी पिशवीने श्वास देत राहिलो. तोवर परिचारिकेने टॉर्चमधले सेल काढून घालून पाहिले, दिवा ठोकून पाहिला, पुन्हा आवळला, आणि तो लागला. बाळ वाचले. आज ते बाळ कमावते झाले आहे. पण ती दोन मिनिटे मी विसरलेलो नाही. दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या पैशाने उत्तम प्रतीचे एक हत्यार घेतले आणि त्याच्यासोबत साध्यातले दुसरे. तेव्हापासून दोन्ही पिशवीत असतात आणि पिशवी उचलण्यापूर्वी दोन्ही दिवे लावून पाहिले जातात.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की माझ्या ओपीडीतला घसा पाहायचा टॉर्च अगदी साधा आहे. तो बंद पडला तर मी टेबलाच्या खणातून दुसरा काढतो. त्यासाठी हजारो रुपये मोजणे हा निव्वळ मिजासखोरपणा ठरेल. एकाच डॉक्टरच्या हातात दोन दिवे असतात. एक महाग असलाच पाहिजे आणि दुसरा स्वस्तच असावा. यात विसंगती नाही.

बंदुकीलाही हाच न्याय लावावा. आपले इंदूर या बाबतीत अनोळखी गाव नाही. सीमा सुरक्षा दलाचे शस्त्र व युद्धनीती प्रशिक्षण केंद्र येथेच आहे आणि रेवती रेंजवर त्याचा सराव चालतो. वीस-बावीस किलोमीटरवर महू. तेथे इन्फंट्री स्कूल आहे आणि आर्मी मार्क्समनशिप युनिटही. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक जिंकणारे सुभेदार विजय कुमार याच युनिटात तयार झाले. बालपणी माझ्याकडे गोवराची लस घेतलेला एक मुलगा आता गणवेशात आहे. दिवाळीत भेटायला आला तेव्हा त्याला मी हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘‘काका, आमच्याकडे किंमत कुणी विचारत नाही. चिखलात पडून उठल्यावर ठिपका दिसतो का, एवढंच बघतात. आणि तो दिसला नाही तर खालची लोखंडी साईट जागेवर आहे ना, ते बघतात.’’ माझ्या पिशवीतल्या दोन लॅरिंगोस्कोपांचीच ही गोष्ट होती. ज्या शस्त्रावर माणसाचा प्राण अवलंबून आहे, त्यावर सिद्ध झालेली, पारखलेली साईटच हवी आणि तिच्या जोडीला आधाराची साधी साईटही हवी.

म्हणूनच सरकारी असो वा खासगी, ज्या खरेदीत ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा माल, एवढाच निकष लावला जातो, तिच्याबद्दल मला चिंता वाटते. कागदावरचे गुणधर्म सर्वच पुरवठादार पूर्ण करतात. ऐन रात्री दिवा लागेल की नाही, हे कागदावर दिसत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, घरोघरी विकत घेतलेले ऑक्सिमीटर आपण सर्वांनी पाहिले. धाप लागलेल्या रुग्णाच्या बोटावर अठ्ठ्याण्णवचा आकडा दाखवणारे यंत्र मी स्वतः हातात धरले आहे. बिघडलेले यंत्र निदान गप्प तरी बसते. खोटा दिलासा देणारे यंत्र त्याहून घातक असते. झीरो सरकलेला ठिपकाही असाच असतो. तो झगझगीत दिसतो आणि चुकीच्या जागी नेतो.

आता त्या मुलीकडे वळू. तिच्या वडिलांना मी विचारले, ‘‘मुलीला कुठवर जायचं आहे?’’ वडिलांआधी तीच बोलली, ‘‘मनू भाकरसारखं.’’ तेव्हा मी त्यांना जे सांगितले ते ऐकून दोघेही क्षणभर गोंधळले. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलाच्या स्पर्धांत फक्त उघडी, म्हणजे खाच आणि माशी असलेली साईट चालते. रेड डॉट, दुर्बीण, लेझर या सर्वांना मज्जाव आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी मिळवलेली दोन्ही कांस्यपदके उघड्या साईटवरची आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदकही तसेच. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक जिंकले, तेही बारीक छिद्रातून पाहायच्या साईटने, लाल ठिपक्याविना. म्हणजे या मुलीसाठी साडेचार हजारही वाया आणि सत्तर हजारही वाया. दुकानदाराने हे सांगितले नव्हते. त्याचा तो धंदा आहे. पण आपणही विचारले नव्हते. स्वस्त की महाग या वादात ‘गरज आहे का?’ हा प्रश्न किती सहज हरवतो! प्रतिजैविकांच्या बाबतीत आपण डॉक्टर मंडळी हे रोज पाहतो. सर्दीच्या बाळाला स्वस्त प्रतिजैविक द्यावे की महाग, याचे उत्तर ‘देऊच नये’ असे असते.

ज्यांना स्पर्धेत उतरायचे नाही, केवळ सुटीच्या दिवशी कागदी लक्ष्यावर छर्रे मारण्याचा आनंद घ्यायचा आहे, त्यांनी साधी साईट अवश्य घ्यावी. बिघडली तर एक रविवार वाया जाईल, त्यापलीकडे काही नाही. मात्र स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्ही बाजूंनी बसतो. त्यात नाजूक साईट लवकर ढिली पडते. ती अशा रायफलीसाठी बनवली आहे का, हे विचारून घ्यावे. घेतल्यावर पारख करावी. नेम जुळवून दहा छर्रे मारावेत. मग साईट रात्रभर चालू ठेवावी, दुसऱ्या दिवशी काढून दुपारच्या उन्हात तासभर ठेवावी, पुन्हा बसवून नेम जुळवावा आणि पन्नास छर्रे मारावेत. पहिले दहा आणि अखेरचे दहा एकाच जागी पडले तर वस्तू आपल्या कामापुरती चांगली आहे. दहा मीटरसारख्या जवळच्या अंतरावर डोके हलले की नेम थोडा हलतो, हेही लक्षात असू द्यावे. हा दोष महागड्या साईटमध्येही असतो.

वैद्यक वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. अनेकजण तक्रार करतात की ठिपका गोल दिसत नाही, स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. मग साईट परत करून अधिक महाग घेतात आणि तीही तशीच दिसते. दोष बहुधा डोळ्यातल्या अ‍ॅस्टिगमॅटिझमचा असतो. रिकाम्या, तपासलेल्या बंदुकीवरून किंवा साईट सुटी करून मोबाईलच्या कॅमेऱ्याने ठिपक्याचे छायाचित्र घ्यावे. त्यात तो गोल आला तर दुकानदाराकडे जाऊ नये, नेत्रतज्ज्ञाकडे जावे. सत्तर हजारांची साईट जे करू शकत नाही ते चष्म्याचा योग्य नंबर करतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. बालरोगतज्ज्ञाने यावर का लिहावे? निवासी डॉक्टर असताना एका संध्याकाळी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आणले गेले. घरात एअर रायफल होती. थोरला भाऊ कबुतरांवर नेम धरत होता आणि धाकटा मध्ये आला. छर्रा उजव्या डोळ्यात गेला होता. नेत्रविभागातील सहकाऱ्यांनी शर्थ केली, पण डोळा गेला. आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, ‘‘वो तो खिलौना था, डॉक्टर साब.’’ ठरावीक शक्तीखालच्या .१७७ एअर रायफलीला आणि पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्यामुळे ते खेळणेच आहे असा समज घरोघरी पक्का आहे. पण सेकंदाला दीडशे मीटर वेगाने निघालेल्या शिशाच्या तुकड्याला बालकाचा डोळा म्हणजे पातळ कागद आहे.

तेव्हा ज्या घरात मूल आणि बंदूक दोन्ही आहेत, त्या घराच्या अंदाजपत्रकात साईटचा क्रमांक बराच खाली येतो. पहिला खर्च कुलूपबंद पेटीचा. किल्ली वडीलधाऱ्यांकडे असावी आणि छर्रे दुसऱ्या कपाटात. दुसरा खर्च न फुटणाऱ्या काचेच्या संरक्षक चष्म्याचा, तोही नेमबाजासाठीच नव्हे तर शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी. तिसरा खर्च चांगल्या प्रशिक्षकाच्या फीचा. चौथा चांगल्या छर्‍यांचा आणि सरावाचा. यातून काही उरले तर साईटचा विचार करावा. कुलपाच्या बाबतीत मात्र स्वस्त-महाग असा घोळ घालू नये. ते दोन वर्षांच्या मुलाला, बारा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या हुशार मित्राला उघडता येता कामा नये, एवढीच त्याची परीक्षा.

त्या गृहस्थांनी कर्ज काढले नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी फोनवर सांगितले, की पेटी आणली आहे, दोन चष्मे आणले आहेत आणि उरलेल्या पैशांत सहा महिन्यांची फी भरली आहे. पावसाळ्याच्या अखेरीस मुलगी इनहेलरचे प्रिस्क्रिप्शन घ्यायला आली तेव्हा वहीत ठेवलेला लक्ष्याचा कागद तिने मला दाखवला. दहापैकी सहा छर्रे काळ्या वर्तुळात होते आणि चार बाहेर. ‘‘काका, अजून श्वास रोखायला जमत नाही,’’ ती म्हणाली. दमा असलेल्या मुलीने श्वासावर ताबा मिळवण्याची तक्रार करावी, हे ऐकून मला मनापासून बरे वाटले. त्या कागदावर कोणत्याही साईटचा ठिपका नव्हता.

आपल्या पेशात आणि आपल्या घरात खरेदीचे असे प्रसंग रोज येतात. गरज आहे का, बिघडले तर कोणाचे काय जाईल, आणि बिघडलेच तर हाताशी दुसरे काय आहे, हे तीन प्रश्न क्रमाने विचारले तर किमतीचा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो. प्राणाशी गाठ असेल तेथे काटकसर करू नये आणि हौसेशी गाठ असेल तेथे कर्ज काढू नये, असे माझे नम्र मत आहे. समाजातील सर्व बालगोपाळांना सुदृढ आरोग्य, निकोप दृष्टी आणि स्थिर हात लाभोत, ही सदिच्छा व्यक्त करून लेखणी थांबवतो.